लहरींचे गायरान आणि आभासाचे सौदागर

१८९५ साली कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनी तारेवाचून लहरी पाठवून दूर ठेवलेली घंटा वाजवून आणि बंदुकीची दारू पेटवून दाखवली. त्या काळातील त्यांच्या प्रयोगांत तरंगलांबी पाच मिलिमीटरपर्यंत खाली आलेल्या लहरी होत्या. आजच्या परिभाषेत त्या साठ गिगाहर्ट्झच्या लहरी होत. शोधावर पेटंट घेणे बोस यांना मनापासून नापसंत होते. १९०४ साली अमेरिकेत त्यांच्या नावे एक पेटंट नोंदले गेले, तेही स्नेह्यांच्या आग्रहाखातर. निसर्गाचे जे रहस्य उलगडले ते सर्वांचे, अशी त्यांची धारणा होती.

सव्वाशे वर्षांनंतर नेमक्या याच जातीच्या लहरींभोवती कुंपण घालण्याची शर्यत लागली आहे. त्या शर्यतीसाठी पुढे केलेले सर्वांत मोहक निमित्त म्हणजे ‘आभासी वास्तव’. डोक्यावर एक यंत्र चढवावे, डोळ्यांसमोर दोन पडदे यावेत आणि बसल्या जागी माणसाने हिमालय चढावा, शस्त्रक्रियेचे धडे घ्यावेत किंवा लढाईचा खेळ खेळावा, असे हे तंत्र आहे. या यंत्राची तार तुटावी आणि माणसाला ते लेवून कोठेही फिरता यावे, यासाठी अतिउच्च वारंवारितेच्या लहरींचे विस्तीर्ण पट्टे आमच्या हवाली करा, असे बड्या कंपन्या जगभरच्या सरकारांना बजावीत आहेत. खेळणे मूठभरांचे आहे. पण त्यासाठी मागितली जाणारी जमीन सर्वांची आहे. म्हणून हा प्रश्न करमणुकीचा नसून मालकीचा आहे.

गरजेचे गणित

प्रथम या मागणीतील तथ्य पाहू. २०१६ साली बाजारात आलेल्या ऑक्युलस रिफ्ट आणि एचटीसी व्हाइव्ह या दोन यंत्रांच्या पडद्यांवर मिळून २१६० गुणिले १२०० ठिपके होते आणि सेकंदाला ९० चित्रे उमटत. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी २४ बिट धरले तर सेकंदाला सुमारे ५६० कोटी बिट एवढी माहिती संगणकाकडून डोळ्यांपर्यंत जावी लागते. शिवाय मान वळवल्यापासून दृश्य बदलेपर्यंत एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहून अधिक वेळ गेला, तर डोके गरगरते आणि मळमळते. एवढा लोंढा एवढ्या वेगाने बिनतारी वाहून न्यायचा तर रुंद पाट हवा, आणि असा रुंद पाट उच्च वारंवारितेच्या प्रदेशातच मोकळा सापडतो. २०१८ साली व्हाइव्ह यंत्राची तार काढून टाकणारे जे उपकरण विक्रीला आले, ते साठ गिगाहर्ट्झच्या लहरींवरच चालत होते.

परंतु या लहरींची प्रकृती विलक्षण नाजूक असते. भिंत त्यांना अडवते, झाडाची पाने अडवतात, माणसाने स्वतःचा हात यंत्रासमोर धरला तरी दृश्य तुटू शकते. साठ गिगाहर्ट्झच्या आसपास तर हवेतील प्राणवायूच त्यांना गिळतो. एका किलोमीटरच्या वाटचालीत केवळ या एका कारणाने लहरीच्या शक्तीचा जेमतेम तिसावा हिस्सा उरतो. ज्या लहरी एका खोलीतून शेजारच्या खोलीत धड पोहोचत नाहीत, त्यांच्यावर देशव्यापी राज्य स्थापण्याची भाषा कशासाठी?

दुसरी गोष्ट याहून बोलकी आहे. ज्या गरजेचा एवढा गवगवा झाला, ती अटळ नव्हतीच. पुढील काही वर्षांत गणनेचे बरेचसे काम डोक्यावरच्या यंत्रातच होऊ लागले आणि चित्रे दाबून लहान करण्याचे तंत्र सुधारले. २०२१ साली मेटा कंपनीने, तेव्हा तिचे नाव फेसबुक होते, आपले यंत्र घरातील साध्या वाय-फायवरून संगणकाला जोडण्याची सोय दिली. त्यासाठी सेकंदाला वीस कोटी बिटांच्या आसपासचा प्रवाह पुरेसा ठरला. म्हणजे ५६० कोटींची तहान वीस कोटींवर भागली, आणि तीही कोणत्याही लिलावात न विकल्या गेलेल्या, सर्वांना खुल्या असलेल्या लहरींवर. तंत्रज्ञानाची ‘गरज’ ही निसर्गनियमासारखी अचल नसते. स्वस्तात मिळणाऱ्या साधनसंपत्तीची गरज नेहमीच अवाढव्य भासते, हा भांडवलशाहीचा जुना अनुभव आहे.

दक्षिण कोरियाचा धडा

या स्वप्नाची सरकारी पातळीवर सर्वांत कसून परीक्षा झाली ती दक्षिण कोरियात. जून २०१८ मध्ये तेथील सरकारने २८ गिगाहर्ट्झचा पट्टा तिन्ही मोबाइल कंपन्यांना प्रत्येकी ८०० मेगाहर्ट्झ याप्रमाणे लिलावात दिला. तिघींनी मिळून सुमारे ६२२ अब्ज वॉन मोजले. प्रत्येकीने १५ हजार प्रक्षेपण केंद्रे उभारावीत, अशी अट होती. एप्रिल २०१९ मध्ये पाचव्या पिढीची सेवा मोठ्या वाजतगाजत सुरू झाली. आभासी वास्तवाचे खेळ, मैफली आणि सामने हे तिच्या विक्रीचे प्रमुख आमिष होते.

मुदत संपली तेव्हा कोणत्याही कंपनीने दोन हजारही केंद्रे उभारलेली नव्हती. कारण उघड होते. थोड्या थोड्या अंतरावर केंद्र उभारायचे, प्रत्येक केंद्रापर्यंत प्रकाशतंतूची तार न्यायची, यासाठी लागणारा पैसा मूठभर हौशी ग्राहकांकडून वसूल होणार नव्हता. २०२२ च्या अखेरीस सरकारने दोन कंपन्यांचा आणि मे २०२३ मध्ये तिसरीचाही हक्क काढून घेतला. त्याच महिन्यात तेथील व्यापार आयोगाने वेगाच्या फसव्या जाहिरातींबद्दल या तिघींना मिळून ३३ अब्ज वॉनहून अधिक दंड केला. ज्या वेगाचे ढोल बडवले गेले, त्याच्या विसाव्या हिश्शापर्यंतही ग्राहकाला मिळणारा वेग पोहोचत नव्हता. २०२४ च्या जानेवारीत हाच पट्टा पुन्हा लिलावात निघाला. सुमारे ४३० अब्ज वॉनची बोली लावणारी नवी कंपनी ठरलेले भांडवल उभे करू शकली नाही, आणि त्याच वर्षी तिचीही निवड रद्द झाली.

या कथेतून दोन निष्कर्ष निघतात. लिलावातील चढी बोली ही सेवेची हमी नव्हे. आणि भांडवलशाही मानणाऱ्या सरकारनेही ठरवले तर पडीक ठेवलेली सार्वजनिक संपत्ती परत घेता येते. पहिला निष्कर्ष भारतात कोणी ऐकत नाही. दुसरा ऐकू नये म्हणून पुष्कळांचे हितसंबंध गुंतलेले आहेत.

माणशी अडीच रुपये

भारतात २६ गिगाहर्ट्झचा पट्टा २०२२ च्या जुलै-ऑगस्टमधील लिलावात विकला गेला. त्या लिलावातून दीड लाख कोटी रुपये मिळाल्याचा मोठा डांगोरा पिटण्यात आला. परंतु या पट्ट्याची कहाणी निराळी आहे. त्याची राखीव किंमत संपूर्ण देशासाठी दर मेगाहर्ट्झला ६.९९ कोटी रुपये होती आणि सरकारला मिळाली तीही तेवढीच. लिलाव झाला खरा, पण बोली चढलीच नाही. स्पर्धेचा देव्हारा माजवणाऱ्यांच्या देवळात स्पर्धाच अनुपस्थित होती.

रिलायन्स जिओने या पट्ट्यात देशातील सर्व २२ परिमंडळांत एक हजार मेगाहर्ट्झ घेतले. राखीव दराने त्याची किंमत होते ६,९९० कोटी रुपये. देशाची लोकसंख्या १४० कोटी धरली तर माणशी सुमारे पन्नास रुपये. हा हक्क वीस वर्षांचा आहे आणि पैसेही वार्षिक हप्त्यांनी द्यायचे आहेत. म्हणजे व्याज वगळता, प्रत्येक नागरिकाच्या वाट्याच्या लहरींचे भाडे वर्षाला अडीच रुपये! चौकातल्या टपरीवर एवढ्यात अर्धा कप चहासुद्धा येत नाही. त्याच लिलावात अदानी समूहाच्या कंपनीने सहा परिमंडळांत मिळून ४०० मेगाहर्ट्झ २१२ कोटी रुपयांना घेतले आणि तीन वर्षे पुरी होण्याच्या आतच, एप्रिल २०२५ मध्ये, त्यांचा वापरहक्क एअरटेलकडे सोपवण्याचा करार झाला. सातबारा जनतेच्या नावावर आहे; मात्र फेरफार भांडवलदारांच्या आपसांत होत आहेत.

सातबारा जनतेच्या नावावर आहे, हे अलंकारिक विधान नव्हे. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या खटल्यात लहरी ही सार्वजनिक संपत्ती असल्याचे स्पष्ट केले. २०२३ चा दूरसंचार कायदाही केंद्र सरकार हे जनतेच्या वतीने स्पेक्ट्रमचे मालक असल्याचे सांगतो. प्रश्न एवढाच की, वतीने बसलेला मुनीम धन्याला हिशेब देतो काय?

चळवळीतील एक सोयीस्कर समजूत

येथे पुरोगामी चळवळीने स्वतःलाही एक अप्रिय प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. २०१० साली महालेखापालांनी टू-जी प्रकरणात एक लाख शहात्तर हजार कोटींच्या अनुमानित तोट्याचा आकडा मांडला आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले. मर्जीतल्या लोकांना मातीमोलाने झालेले ते वाटप निषेधार्हच होते. परंतु तेव्हापासून अनेक प्रामाणिक कार्यकर्त्यांच्या मनात एक समीकरण घट्ट बसले: लिलाव म्हणजे लोकहित, आणि लिलावाशिवाय जे काही ते लूट. हे समीकरण चुकीचे आहे. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये राष्ट्रपतींनी विचारलेल्या प्रश्नावर मत देताना घटनापीठानेच सांगितले की, नैसर्गिक संपत्तीच्या वाटपासाठी लिलाव हा एकमेव घटनात्मक मार्ग नाही.

अर्थशास्त्राच्या दृष्टीनेही हे समीकरण टिकत नाही. लहरींचे हक्क बाजारात विकावेत, हा विचार रोनाल्ड कोस यांनी १९५९ साली मांडला आणि १९९४ पासून अमेरिकेत त्यानुसार लिलाव सुरू झाले. त्या विचाराचा पाया दुर्मिळतेचा आहे. एकाच लहरीवर दोघे बोलू लागले तर दोघांचेही ऐकू येत नाही, म्हणून एकाला हक्क द्यायचा. सातशे मेगाहर्ट्झची लहर मैलोन्‌मैल जाते. तिच्या बाबतीत हा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. पण साठ गिगाहर्ट्झची लहर घराच्या भिंतीतच थांबते. पुण्यातल्या एका वाड्यातील लहर शेजारच्या वाड्याला त्रास देत नाही, मग ती दुर्मिळ कशी? रिकार्डोने दोन शतकांपूर्वी दाखवले होते की, जमीन विपुल आहे तोवर खंड उद्भवत नाही. जेथे दुर्मिळता नाही तेथे लिलाव करायचा, म्हणजे आधी कृत्रिम टंचाई निर्माण करायची आणि मग तिचा खंड मक्तेदाराला वसूल करू द्यायचा. तिजोरीत पडणाऱ्या अडीच रुपयांसाठी हा सौदा करणाऱ्याला समाजवादी म्हणत नाहीत.

आणि या सोयीस्कर समजुतीचा लाभ कोण उठवते, तेही पाहावे. साठ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी सौम्य नियमन असावे, असे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१४ साली सुचवले. हा पट्टा परवानामुक्त करण्याची चर्चा निघताच मोबाइल कंपन्यांच्या संघटनेने विरोध केला आणि आधार घेतला तो सरकारी महसुलाच्या नुकसानीचा व २०१२ च्या निकालाचा. ज्यांच्या लुटीविरुद्ध तो निकाल मागितला गेला, त्यांच्याच धंद्याने तो ढालीसारखा पुढे धरावा, यापरता विपर्यास कोणता? त्यानंतर दहा वर्षे लोटली तरी हा पट्टा सर्वसामान्यांसाठी खुला झाला नाही.

गायरानाचा अर्थ

गावाचे गायरान कोणा एकाच्या मालकीचे नसते, म्हणून ते बेवारस ठरत नाही. त्याला नियम असतात: कोणी किती गुरे सोडावीत, कोणी कुंपण घालू नये. लहरींच्या बाबतीतही असे गायरान यशस्वी होते, हे अनुभवाने सिद्ध झाले आहे. १९८५ साली अमेरिकेने भट्ट्या आणि यंत्रे यांच्या गोंगाटाने भरलेले, टाकाऊ मानलेले काही पट्टे, कमी शक्ती वापरण्याच्या अटीवर, सर्वांना परवान्याविना खुले केले. त्या उकिरड्यावरच पुढे वाय-फाय उगवले. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली आणि पाच गिगाहर्ट्झच्या परिसरातील मोठा पट्टा २०१८ साली परवानामुक्त झाला. आज घराघरांत, ग्रंथालयांत, रेल्वे स्थानकांवर जे चालते ते याच गायरानावर. त्याचा एक पैसाही कोणत्या लिलावात जमा झाला नाही, आणि तरीही समाजाला त्याचा लाभ किती झाला, हे विद्यार्थ्यांना विचारावे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो रास्त आहे. लहरी खुल्या करा, असे मेटा, गुगल आणि ॲपल यांचेही म्हणणे आहे. सहा गिगाहर्ट्झच्या पट्ट्यासाठी अमेरिकेत त्यांनीच आघाडी उघडली, आणि २०२३ साली तेथील आयोगाने त्यातील ८५० मेगाहर्ट्झ अत्यल्प शक्तीच्या, अंगावर वागवायच्या यंत्रांसाठी खुले केले. भारतातही २०२५ च्या मे महिन्यात या पट्ट्याचा खालचा भाग परवानामुक्त करणाऱ्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध झाला. एका बाजूस मोबाइल कंपन्या आणि दुसऱ्या बाजूस या परदेशी कंपन्या असा सामना त्याभोवती रंगला. मग खुल्या लहरींची मागणी करणे म्हणजे एका मक्तेदाराला दूर सारून दुसऱ्याची तळी उचलणे नव्हे काय?

नव्हे, मात्र अर्ध्यावर थांबल्यास तसेच होईल. रस्ता सार्वजनिक आहे म्हणून त्यावरून सावकाराची गाडी जाऊ नये असे कोणी म्हणत नाही. पण रस्त्याच्या टोकाला असलेली बाजारपेठच त्याच्या मालकीची असेल, तर रस्ता खुला असून काय उपयोग? मेटा कंपनीने आभासी वास्तवाच्या विभागात २०२१ ते २०२४ या चार वर्षांत ५७ अब्ज डॉलरांहून अधिक तोटा सोसला. दानधर्म म्हणून कोणी एवढा तोटा सोसत नाही. माणूस आणि जग यांच्यामध्ये उभ्या राहणाऱ्या पडद्याची मालकी त्या कंपनीला हवी आहे. या यंत्राला मान कशी वळते, हात कसा हलतो, हे सारे कळते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका संशोधनात पन्नास हजारांहून अधिक वापरकर्त्यांपैकी नेमकी व्यक्ती केवळ डोक्याच्या आणि हातांच्या हालचालींवरून, शंभर सेकंदांच्या नोंदीत, ९४ टक्के अचूकतेने ओळखता आली. ज्या कामगाराला उद्या प्रशिक्षणासाठी हे यंत्र डोक्यावर चढवावे लागेल, त्याच्या शरीराचा प्रत्येक झटका मालकाच्या दप्तरी नोंदला जाणार काय, हा प्रश्न कामगार संघटनांनी आजच विचारला पाहिजे.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. पहिली: साठ गिगाहर्ट्झसारखे आखूड पल्ल्याचे पट्टे शक्तीची मर्यादा घालून सर्वांना परवान्याविना खुले करावेत. दुसरी: २६ गिगाहर्ट्झसारख्या विकलेल्या पट्ट्यांत, ज्या जिल्ह्यात सेवा उभी नाही तेथील हक्क ठरावीक मुदतीनंतर परत घ्यावा आणि तो ग्रामपंचायत, सहकारी संस्था, महाविद्यालय अशा मागणाऱ्या स्थानिक संस्थेला वापरू द्यावा. तिसरी: २०२३ साली ८९,०४७ कोटींच्या योजनेत भारत संचार निगमलाही या पट्ट्यातील लहरी देण्यात आल्या आहेत. त्या कागदावर न ठेवता, २०११ पासून रखडत चाललेल्या ग्रामपंचायतींच्या प्रकाशतंतू योजनेशी त्यांची सांगड घालावी. कारण जमिनीखालून तंतू आल्याशिवाय या लहरींना वाहून नेण्यासारखे काहीच नसते. चौथी: खुल्या लहरी वापरणारे यंत्र एकाच कंपनीच्या दुकानाला बांधलेले नसावे आणि शरीराच्या हालचालींच्या नोंदी वापरणाऱ्याच्या संमतीवाचून यंत्राबाहेर जाऊ नयेत.

लोहियांनी लहान यंत्राचा आग्रह धरला, तो यंत्राच्या आकाराच्या कौतुकापोटी नव्हे, तर त्यावरची सत्ता कोणाच्या हाती राहते या प्रश्नापोटी. निसर्गाने घडवलेले असे लहान यंत्र या आखूड लहरींच्या रूपाने समोर आहे. एका खोलीपुरती, एका शाळेपुरती, एका कार्यशाळेपुरती धाव असलेली ही लहर दिल्लीतून किंवा मुंबईतून चालवण्याची मुळी आवश्यकताच नाही. आभासी जगात कोणी हिमालय चढावा की न चढावा, ही ज्याची त्याची हौस. परंतु त्या हौसेच्या नावाने खऱ्या जगातले गायरान गिळले जात असताना, तिजोरीत चार नाणी पडली याचे समाधान मानून जो गप्प बसेल, त्याच्या डोळ्यांवर यंत्र न चढवताच आभास चढलेला आहे, असे समजावे.